क्षेत्रफळ गेलं कुठं?

आमच्या आठवीच्या वर्गाला क्षेत्रफळाची सगळी सूत्रं पाठ होती. मी नुसतं "समलंब चौकोन" म्हटलं की मागच्या बाकापर्यंत आरतीसारखा सूर लागायचा: एक छेद दोन, गुणिले समांतर बाजूंच्या लांबींची बेरीज, गुणिले उंची. घटक चाचणीत गुणही बरे पडले होते. तक्रार करावी असं काही दिसत नव्हतं.

एके दिवशी मी फळ्यावर एक तिरका समांतरभुज चौकोन काढला. एका बाजूवर ८ लिहिलं, शेजारच्या बाजूवर ५. उंची लिहिली नाही. क्षेत्रफळ विचारलं. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, चाळीस.

"सूत्रात तर उंची आहे. ती कुठे दिलीय?"

"दिली नाही ना मॅडम, म्हणून जे दिलंय तेच गुणायचं."

हे उत्तर मी बरेच दिवस घोळवत होते, कारण ते बावळटपणाचं नाही. आजवर एकाही पेपरात त्या मुलाला अपुरी माहिती कुणी दिलेली नाही. गणितात दोन आकडे असले की त्या दोघांचंच काहीतरी करायचं असतं, आणि धडा क्षेत्रफळाचा असेल तर गुणाकारच करायचा असतो, हे त्याने अनुभवातून शिकलेलं होतं. तो पेपर काढणाऱ्याला ओळखत होता. क्षेत्रफळाशी त्याची ओळखच झालेली नव्हती.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यात गणित शिकवते. मुलं कापूस-मका पिकवणाऱ्या घरांतली, काही मजुरांची. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असतो. ज्या घरांत बांधावरून भावकीत बोलणं बंद आहे, सात-बाराचा उतारा ट्रंकेत कपड्यांच्या खाली जपलेला आहे, तिथली मुलं क्षेत्रफळ म्हणजे काय हे न कळता सूत्र म्हणतात, हे मला खटकत होतं. मग धडा पुस्तकाच्या क्रमाने न घेता उलट्या बाजूने घ्यायचा ठरवला. सूत्र शेवटी. आधी भांडण.

सुरुवात लाकडी पट्ट्यांनी केली. सायकलच्या दुकानातून बारके नट-बोल्ट आणले, दोन पट्ट्या आठ इंचांच्या, दोन पाच इंचांच्या, चारही कोपऱ्यांत छिद्रं पाडून सैलसर जोडल्या. आयत तयार. तो वर्गासमोर धरला आणि हळूहळू एका बाजूला कलवत गेले. आयताचा समांतरभुज झाला, मग आणखी चपटा, आणि शेवटी वरची पट्टी खालच्या पट्टीवर येऊन बसली. आत जागाच उरली नाही.

"आता किती?"

काही जण अजूनही चाळीसच म्हणत होते. बाजू त्याच आहेत, बदललेल्या नाहीत, मग क्षेत्रफळ कसं बदलेल? एका मुलीने ती चौकट हातात घेतली, दोन-चारदा उघडून मिटून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, मग क्षेत्रफळ गेलं कुठं?"

मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी मी जे काही केलं त्यात उत्तर न देणं हे सगळ्यांत अवघड होतं. मुलं आमचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात. बरोबर उत्तर आलं की आमच्या भुवया हलतात, खडू फळ्याकडे जातो, आणि चूक उत्तर आलं की आम्ही "अजून कोण सांगेल?" म्हणतो. एवढ्यावर त्यांचं काम भागतं. म्हणून खडू मुलांच्या हातात दिला आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्यावर तीन मतं लिहिली गेली: बदलत नाही, बदलतं, कधी बदलतं कधी नाही. प्रत्येक मताखाली एकच प्रश्न, "कशावरून?"

ज्यांना वाटत होतं की बदलतं, त्यांनी चौकट आलेख कागदावर ठेवून आतले चौकोन मोजले. उभी असताना चाळीस भरले. उंची चार इंच राहील इतकी कलवल्यावर अर्धे-पाव तुकडे जोडून बत्तीसच्या आसपास. तीन इंचांवर चोविसाच्या आसपास. मग कुणीतरी कात्री मागितली. एका टोकाचा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला चिकटवला की आयत होतो, आणि त्या आयताची एक बाजू आठ, दुसरी बाजू ती उंची. पाया गुणिले उंची हे सूत्र त्यांना चौथीपाचवीपासून या ना त्या रूपात भेटत आलेलं होतं. उंची कशाला लागते हा प्रश्न मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पडला, आणि मला त्याचंच अप्रूप वाटलं.

दोऱ्याचा खेळ लगेच करून टाकला. वीस सेंटिमीटर दोऱ्याचं कडं करायचं, त्याचे वेगवेगळे आयत करायचे. नऊ बाय एक केला तर क्षेत्रफळ नऊ, सात बाय तीन केला तर एकवीस, पाच बाय पाचला पंचवीस. दोरा तोच. हे पटकन पटलं, कारण चौकटीने आधीच जमीन भुसभुशीत करून ठेवली होती.

मग आम्ही मैदानावर गेलो, गुंठा आखायला.

गुंठा हा शब्द मुलांच्या तोंडात रोज असतो. अमक्याने रस्त्याला लागून दोन गुंठे घेतले, तमक्याने पाच विकले. पण गुंठा केवढा असतो, डोळ्यांनी दाखव म्हटलं तर कुणी व्हरांड्याएवढा दाखवतो, कुणी अख्खं मैदान. इंग्रजी अमदानीतल्या मोजणीत ३३ फुटांची साखळी वापरत. त्या साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. उताऱ्यावर आता हेक्टर-आर लिहितात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित लहान. ही माहिती मी सरळ सांगितली. माहिती सांगायचीच असते. साखळी ३३ फुटांची का, हे मुलांनी मैदानावर "शोधून काढण्यात" काही अर्थ नाही. कृतीतून शिकवायचं म्हणजे सगळंच मुलांकडून काढून घ्यायचं, या आग्रहापायी मी काही चांगले तास वाया गेलेले पाहिले आहेत.

खेळाच्या सरांकडून टेप घेतला, फक्कीचं पोतं घेतलं. पहिली बाजू ३३ फूट आखली आणि काम अडलं. दुसरी बाजू काटकोनात कशी काढायची? एकाने डोळ्यांनी अंदाज घेऊन आखली. चौथी बाजू मोजली तर भलतीच भरली. कंपासपेटीतला गुण्या आणून लावला; चार इंचांच्या गुण्याने ३३ फुटांची रेघ सरळ धरणं जमेना. तेव्हा गवंडीकाम करणाऱ्या घरातला एक मुलगा पुढे झाला. तो एरवी वर्गात फारसा बोलत नाही. त्याने कोपऱ्यापासून एका रेघेवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत दुसरी रेघ सरकवत राहिला. "पाया टाकताना वडील असंच करतात."

वर्गातल्या हुशार मुलांना पायथागोरसचा सिद्धांत सातवीपासून पाठ होता. कर्णवर्ग बरोबर इतर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. नऊ अधिक सोळा बरोबर पंचवीस हे तर त्यांचं आवडतं उदाहरण. तरी समोर पाहूनही हे तेच आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागला. आणि ओळखल्यावर वाद सुरू झाला: सिद्धांत म्हणतो काटकोन असेल तर बेरीज जुळते, इथे आपण बेरीज जुळवून काटकोन मिळवतोय. हे एकच आहे का? आठवीतल्या मुलांनी सिद्धांत आणि त्याचा व्यत्यास यांत फरक केला, तोही मी एकही शब्द न सुचवता. पुस्तकात मी हा फरक इतक्यांदा वाचून दाखवलेला आहे आणि एकालाही त्यात रस वाटलेला नाही.

गुंठा आखून झाला. मुलं आत उभी राहिली. "एवढाच?" ही पहिली प्रतिक्रिया, कारण भाव सगळ्यांना माहीत होता.

मग मी विचारलं, याच्या आत अर्धा गुंठा आखा. बहुतेकांनी न थांबता सांगितलं, साडेसोळा बाय साडेसोळा. मतं घेतली, जवळपास सगळा वर्ग एका बाजूला. फक्कीने तो चौकोन एका कोपऱ्यात आखला. आखून झाल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही, आणि मग बोलायला लागले ते एकदम. अजून तीन तेवढेच बसतात! हा तर पाव गुंठा झाला. गुणाकार केला, २७२.२५. चार पट केली, १०८९.

हा गैरसमज मुलांपुरता नाही. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात हाच प्रश्न मी शेजारी बसलेल्यांना विचारून पाहिला होता. तिथेही साडेसोळाच आलं. बाजू अर्धी केली की जागाही अर्धी होते, असं मनाला इतकं सरळ वाटतं की सूत्र पाठ असून मदतीला येत नाही, कारण सूत्र वापरायची वेळ आली आहे हेच लक्षात येत नाही.

अर्धा गुंठा मग कसा? मधोमध रेघ मारून आयत करा, किंवा कर्ण काढून त्रिकोण करा, हे लगेच निघालं. मी अट घातली: अर्धा हवा, पण चौरसच हवा. आता मुलं अडली, आणि मला हवी तशी अडली. कुणी वीस बाय वीस करून पाहिलं, चारशे आले, कमी. पंचवीस बाय पंचवीस, सहाशे पंचवीस, जास्त. मध्ये कुठेतरी आहे म्हणत तेवीसपर्यंत पोचले. तेवढ्यात एका मुलीने वहीचा चौकोनी कागद घेतला आणि चारही कोपरे मध्यावर आणून दुमडले. आत चौरस उरला. दुमडलेले चार त्रिकोण त्याला बरोबर झाकत होते, म्हणजे आतला चौरस अख्ख्याच्या निम्मा. मैदानावर चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडले, तिरका चौरस झाला, बाजू मोजली: तेवीस फूट चार इंच. गुणाकार साडेपाचशेच्या जरा खाली, आणि १०८९ चे निम्मे ५४४.५. टेप, फक्की आणि घडी यांचं उत्तर जुळलं तेव्हा मुलांनी जो गलका केला, त्याने मुख्याध्यापक बाहेर आले.

त्यांनी नंतर मला बोलावून विचारलं, तेही अगदी सौम्यपणे, की बाकीचे धडे कधी होणार. प्रश्न रास्त होता. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिच्यात वेळेवर नजर ठेवून पटापट गोल रंगवावे लागतात. मी त्यांना सांगितलं की या आठवड्यात मागे पडते आहे, पुढे समलंब चौकोन आणि अनियमित जागा यांना कमी वेळ लागेल. तसं झालंही. पालकांपैकी एकदोघांनी मात्र "पोरांना ग्राउंडावर फक्की टाकायला लावता का" असं विचारलं. त्यातल्या एका मुलाच्या आजोबांमुळेच पुढची गोष्ट घडली.

मुलगा घरी जाऊन गुंठ्याचं सांगत होता. आबा म्हणाले, "ते चौकोनी वावराचं सोपं आहे. वाकड्यातिकड्या वावराचं माप कसं काढशील? समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज कर, निम्मी कर. दुसऱ्या दोन बाजूंचं तसंच. मग दोघांचा गुणाकार." मुलाने ही रीत दुसऱ्या दिवशी वर्गात आणली, आणि ती पुस्तकातल्या सूत्रापेक्षा सोपी आहे असं ठासून सांगितलं. उंची लागत नाही, कर्ण लागत नाही. बांधाबांधाने चालत जाऊन चार मापं घ्यायची, झालं.

मला वाटलं होतं की मलाच काहीतरी बोलावं लागेल. पण एकाने लाकडी चौकट उचलली. आठ, पाच, आठ, पाच. आबांच्या रीतीने: आठ आणि आठची निम्मी बेरीज आठ, पाच आणि पाचची पाच, गुणाकार चाळीस. मग त्याने चौकट पूर्ण चपटी केली. "आता पण चाळीसच येतात." वर्ग हसला. ज्याच्या आजोबांची रीत होती तो हसला नाही, आणि मला ते आवडलं. तो म्हणाला, असं चपटं वावर कुणाचंच नसतं.

म्हणजे प्रश्न असा झाला: रीत कुठवर चालते?

याच टप्प्यासाठी सगळी खटपट होती, म्हणून इथे घाई केली नाही. मी त्यांना एक समलंब वावर दिलं. समांतर बाजू १२० फूट आणि ६० फूट, दोन्ही तिरक्या बाजू ५० फूट. आबांची रीत: नव्वद गुणिले पन्नास, ४५०० चौरस फूट. पुस्तकाचं सूत्र उंची मागतं. उंची काढायला दोन्हीकडून तीस-तीस फूट सोडले की तीस, चाळीस, पन्नासचा त्रिकोण दिसतो, उंची चाळीस. नव्वद गुणिले चाळीस, ३६००. फरक ९०० चौरस फुटांचा, पाऊण गुंठ्याहून जास्त. मग दुसरं वावर दिलं, बाजू जराशीच कललेली: शंभर फूट उंचीमागे दहा फुटांचा कल. तिरकी बाजू भरते साधारण शंभर फूट सहा इंच. इथे रीत चुकते ती दोनशेत एका भागाने. एवढी चूक तर टेप ओढताना होते.

मुलांनी स्वतः काढलेले निष्कर्ष फळ्यावर होते: रीत आयताला तंतोतंत, आयताच्या जवळपास असलेल्या वावराला कामापुरती, फार कललेल्याला चूक. आणि चूक नेहमी एकाच बाजूला, उत्तर जास्तच येतं, कमी कधीच नाही. का, तर तिरकी बाजू उंचीपेक्षा लांबच असते. हे त्यांनी समलंबापुरतंच पाहिलं होतं; सगळ्या चौकोनांना ते लागू पडतं हे मी सांगितलं, पटवायचं पुढे ठेवून. मग लगेच हिशोब सुरू झाला की या रीतीने फायदा कुणाचा. विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा तोटा. मजुराच्या घरातली मुलगी म्हणाली, खुरपणी उक्ती घेतली आणि एकरावर पैसे ठरले तर मजुराचा फायदा. आजवर क्षेत्रफळाच्या धड्यात इतकी गंभीर चर्चा मी ऐकली नव्हती.

आता मी भास्कराचार्यांना वर्गात आणलं. पाटणादेवीला आमची मुलं सहलीला, नवस फेडायला जातातच. त्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा शिलालेख आहे, इ. स. १२०७ चा, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तो मठ होता. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती' लिहिली. त्यात ते म्हणतात की लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो ते सांगतो तो त्याहून मोठं पिशाच्च. कारण चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही, हे त्याला कळत नाही. मुलांना हे फार आवडलं. पहिल्या दिवशी फळ्यावर आठ आणि पाच लिहून क्षेत्रफळ विचारणारी मी आणि चाळीस म्हणणारा वर्ग, दोघांचाही निकाल आठशे वर्षांपूर्वी लागलेला होता. आबांची रीतही जुनीच निघाली. ब्रह्मगुप्त या गणितज्ञाने ६२८ मध्ये हीच रीत दिली आहे आणि तिला स्थूल फळ म्हटलं आहे, ढोबळ उत्तर. आबांच्या नातवाला हे सांगितल्यावर त्याची मान जरा वर झाली, आणि व्हायलाच हवी होती. ढोबळ आहे हे माहीत असून वापरलेली रीत ही अडाण्याची रीत नव्हे.

भास्कराचार्यांच्या बोलण्यातूनच पुढची वाट मिळाली. चार बाजू आणि एक कर्ण मोजला की चौकोन हलू शकत नाही, त्याचे दोन त्रिकोण होतात. मुलांनी चौकटीला कर्णाची पट्टी ठोकून खात्री केली. पण त्रिकोणाची उंची वावरात मोजायची कशी? लंब नेमका कुठे पडतो ते उभ्या पिकात दिसत नाही. तीन बाजू मात्र टेपने मोजता येतात. आठवीच्या पुस्तकात हीरोचं सूत्र असतं, अर्धपरिमिती आणि वर्गमूळवालं, आणि दरवर्षी मुलं त्याच्या नावाने बोटं मोडतात. या वर्षी ते मागून घेतलं गेलं. "फक्त बाजूंवरून काढता येईल असं काही नाही का, मॅडम?"

आहे, म्हटलं. पण ते असं का आहे, हे आज तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, बीजगणित अजून थोडं लागेल. आज फक्त तपासता येईल. १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण घेतला. सूत्राने ८४. मग त्यांनी चौदावर लंब टाकला. तो पायाचे पाच आणि नऊ असे भाग करतो, उंची बारा. पाच-बारा-तेरा आणि नऊ-बारा-पंधरा, दोन्ही काटकोन त्रिकोण. चौदा गुणिले बारा भागिले दोन, ८४. आणखी दोनतीन त्रिकोण तपासले आणि सूत्र वहीत लिहिलं, बाजूला "सिद्ध करायचं बाकी" असं. समजून शिकणं म्हणजे प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी मुळापासून समजणं, असं मला वाटत नाही. काय समजलं आहे आणि काय विश्वासावर घेतलं आहे, यांतली रेघ मुलाला माहीत असली की मला पुरतं.

पाठांतराबद्दलही इथेच सांगते. तीसपर्यंतचे पाढे मी आजही म्हणून घेते, आणि वर्गसंख्याही. ज्याला तेवीस त्रिक किती यासाठी बोटं मोजावी लागतात, त्याचं लक्ष अर्ध्या गुंठ्यावरून उडतं. पाठांतर वाईट, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पाढा पाठ नसेल तर विचार मध्येच तुटतो. सूत्राचं वेगळं आहे. सूत्र पाठ असलं की विचार सुरूच करावासा वाटत नाही.

चाचणीचे प्रश्न मात्र बदलले. आकडे देऊन क्षेत्रफळ विचारणारे दोन ठेवले, बाकीचे चुकलेली उत्तरं देऊन केले. उदाहरणार्थ: एका मुलाने ६, ८ आणि १० सेंटिमीटर बाजूंच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले आठ गुणिले दहा, म्हणजे चाळीस काढलं, त्याने काय धरून चाललं आणि ते बरोबर का नाही? किंवा: एका चौकोनाच्या चार बाजू दिल्या आहेत, क्षेत्रफळ काढता येईल का? येत नसेल तर आणखी कोणतं एक माप मागाल? हे प्रश्न काढायला वेळ जातो, तपासायला त्याहून जास्त. सत्तर वह्यांमधली सत्तर वेगवेगळी वाक्यं वाचायची असतात. पण कुणाला काय कळलं नाही हे नेमकं दिसतं, आणि एकाची वही पाहून दुसऱ्याने लिहिलं तर तेही.

निकाल चकचकीत लागला असं सांगता येणार नाही. जी मुलं आधी काहीच लिहीत नव्हती त्यांनी आकृत्या काढल्या, वाक्यं लिहिली. काहींनी प्रत्येक प्रश्नाला आकृती काढत बसून पेपर अर्धा सोडला. आणि वर्गात नेहमी पहिली येणारी मुलगी खाली घसरली. तिला हा सगळा प्रकार सुरुवातीपासून पसंत नव्हता. मैदानावर ती बाजूला उभी राहायची, चर्चा लांबली की "मॅडम, उत्तर सांगा ना" म्हणायची. मी तिच्याशी निवांत बोलले तेव्हा तिने सरळ विचारलं, "बोर्डात असं विचारतात का?" खोटं बोलणं शक्य नव्हतं. फारसं नाही, म्हटलं. तिच्या घरी दहावीनंतर पुढे शिकायचं की नाही हे टक्क्यांवर ठरणार आहे, आणि ते तिला माहीत आहे. तिला मी सूत्रं पाठ करू नकोस असं सांगितलं नाही. फक्त प्रत्येक सूत्रापुढे "हे कधी चालत नाही" असं एक वाक्य लिहायला सांगितलं. ती लिहिते. सध्या कर्तव्य म्हणून लिहिते.

मैदानावरचा गुंठा पावसाने पुसला गेला, पण गावात बातमी राहिली. एक गृहस्थ शाळेत येऊन म्हणाले, "मॅडम, पोरांना घेऊन आमचा बांध मोजून द्या, भाऊ दोन हात आत आलाय." त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की हद्दीची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाचं काम, तिथे अर्ज करून फी भरावी लागते, आमच्या फक्कीला कोर्टात कुणी विचारणार नाही. मुलं हिरमुसली. त्यांना जायचं होतं.

वर्ग आता वर्तुळावर यायला हवा होता. पण डोंगराच्या पायथ्याशी ज्याचं वावर आहे अशा एका मुलाने नवीनच पेच टाकला: जमीन उतारावर असेल तर टेप उतारावरून धरायचा की आडवा? उतारावरून धरला तर माप जास्त भरतं. सात-बारावर कोणतं लिहितात? मोजणीत माप आडवं धरतात, सपाट अंतर लिहितात, एवढं मी सांगितलं. तर त्याने ते मान्यच केलं नाही. "आम्ही नांगर तर उतारावरूनच चालवतो. डिझेल त्याच मापाने जातं." त्यावर गवंड्याचा मुलगा म्हणाला, पण कपाशी सरळ वर वाढते, उताराला काटकोनात नाही, वरून पाहिलं तर झाडाला जागा सपाटावर लागते तेवढीच. मग रोपं मोजायची असतील तर आडवं माप आणि नांगरट मोजायची असेल तर तिरकं, असं एका मुलीचं म्हणणं. उद्या पुठ्ठ्याचा उतार करून त्यावर काडेपेटीच्या काड्या उभ्या खोचायचं ठरलंय. काड्यांतलं अंतर उतारावर मोजायचं की आडवं, यावर दोन गट पडले आहेत, आणि वर्तुळ पुढच्या सोमवारवर गेलं आहे.